टीमवर्कचे मार्क आणि अडलेला निरोप

ताई, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. नोकरीचं पाचवं वर्ष. वयानं लहान आहे, मला 'तू' म्हटलंत तरी चालेल. आमच्या संस्थेची मेडिकल, नर्सिंग, फार्मसी आणि डीएमएलटी (लॅब टेक्निशियन) अशी कॉलेजं एकाच आवारात आहेत. यंदा चारही कॉलेजच्या मुलामुलींचं मिळून गावात दहा दिवसांचं शिबिर झालं. त्यात टीमवर्क शिकवायचं आणि मोजायचंही, असं वरून ठरलं. मोजायचं काम माझ्या गळ्यात आलं. नेटवरून १९ वाक्यांचा एक इंग्रजी फॉर्म काढला. 'इतर शाखांच्या मुलांसोबत शिकल्यानं मी टीममध्ये चांगलं काम करू शकेन' अशा धर्तीची वाक्यं आणि पुढं एक ते पाच आकडे. पहिल्या दिवशी भरून घेतला, शेवटच्या दिवशी पुन्हा. पहिल्या दिवशी जवळपास सगळ्यांनी चार नाहीतर पाचवर खूण केली. शेवटच्या दिवशी सरासरी जरा खालीच आली. प्राचार्य म्हणतात, "शिबिर करून आकडा खाली? अहवालात काय दाखवू? पुन्हा भरून घ्या."

दुसरी गोष्ट जास्त सलते आहे. आमच्यातली चौघांची एक टीम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर गेली होती. तिथं एका आजीनं टीबीच्या गोळ्या मधेच सोडलेल्या. एमबीबीएसच्या मुलानं का म्हणून विचारलं, आजी गप्प. आमची एक विद्यार्थिनी घरी कोलामी बोलते. ती चुलीपाशी जाऊन बसली. अर्ध्या तासानं कळलं की लघवी लाल व्हायला लागली, अंगातलं रक्त चाललं असं आजीला वाटलं, आणि तिनं गोळ्या डब्यात घालून वर ठेवून दिल्या. संध्याकाळच्या केस चर्चेत त्या मुलानं सांगितलं, "पेशंट नॉन-कंप्लायंट," म्हणजे सांगितलेलं औषध न घेणारी. आमची पोरगी मागच्या सतरंजीवर बसून होती, काही बोलली नाही. निरीक्षक डॉक्टरांनी 'संवाद' या रकान्यात तिला दहापैकी चार दिले, त्याला नऊ. हे मार्क मला रजिस्टरला चढवायचे आहेत. हात धजत नाही. काय करू?

तुमची,
गोंधळलेली ट्यूटर

*

बाई गं,

आधी प्राचार्यांचं बघू, कारण ती घाई आहे. फॉर्म पुन्हा भरून घेऊ नकोस. आकडा खाली आला म्हणजे पोरांना काही कळलंच नाही की काय अशी शंका तुला येत असेल, तर तसं नाही. ते शिबिरात काहीतरी शिकले म्हणून तो खाली आला असण्याची शक्यता बरीच आहे.

विहिरीच्या काठावर बसलेल्या पोट्ट्याला विचार, पोहता येतं का? हो म्हणेल, छाती काढून म्हणेल. एकदा उतरून नाकातोंडात पाणी गेलं की मग विचार. "थोडं थोडं येते जी." पोरगा तोच आहे, उलट आता त्याला दोन हात मारता येतात. त्याच्या मनातलं 'पोहणं' मात्र बदललं. पहिल्या दिवशी ज्या गजानं त्यानं स्वतःला मोजलं, तो गज शेवटच्या दिवशी राहिलाच नाही. मोजमापाच्या अभ्यासात या घोटाळ्याला नाव आहे, रिस्पॉन्स शिफ्ट. त्यावर उपायही जुना आहे. पहिल्या दिवशी फॉर्म द्यायचाच नाही. शेवटच्या दिवशी एकाच कागदावर दोन रकाने द्यायचे, 'शिबिराआधी मी कसा होतो' आणि 'आता कसा आहे'. दोन्ही एकाच गजानं मोजले जातात. आयकास नावाची २० वाक्यांची एक प्रश्नावली याच पद्धतीनं बांधलेली आहे. तिच्यातही खोट आहेच, माणूस शिबिर संपल्यावर उदार होतो आणि आधीच्या स्वतःला जरा जास्तच अडाणी ठरवतो. पण तुझ्यापुढच्या अडचणीला ती बरी.

तुझ्या फॉर्मबद्दल. १९ वाक्यं म्हणालीस, आणि नमुन्याचं वाक्य वाचून मला वाटतं तो 'रेडिनेस फॉर इंटरप्रोफेशनल लर्निंग स्केल', म्हणजे रिपल्स असावा. पार्सेल आणि ब्लाय या दोघांनी तो इंग्लंडात १९९९ साली मांडला. नावातच लिहिलंय बघ, रेडिनेस. एकत्र शिकायला मन तयार आहे का, एवढंच तो विचारतो. टीममध्ये काम जमतं का, हे त्याला ठाऊक नसतं आणि त्यानं तसा दावाही केलेला नाही. शिवाय या फॉर्मची एक खोड जगभर सापडली आहे. पोरं सुरुवातीलाच इतकी वरची खूण करतात की वर जायला जागाच उरत नाही. भांडं आधीच काठोकाठ भरलेलं, त्यात तू दहा दिवसांचं शिबिर ओतलंस. आणि 'भूमिका व जबाबदाऱ्या' या भागातली वाक्यं तर एकमेकांशी जुळत नाहीत, अशी तक्रार कितीतरी ठिकाणांहून झाली आहे.

त्या भागात एक वाक्य आहे बघ, नर्स आणि थेरपिस्ट यांचं काम मुख्यतः डॉक्टरांना आधार देणं हे आहे, अशा अर्थाचं. फॉर्म करणाऱ्यांच्या हिशेबानं याला 'हो' म्हणणं म्हणजे जुनाट विचार. मी एकदा हे मराठी करून आमच्या मुलींना दिलं. वर्गातल्या सगळ्यात जाणत्या पोरीनं पाचवर खूण केली. मी विचारलं, का गं? म्हणाली, "मॅडम, आधार देणं वाईट असते का?" तिच्या घरी आधार देणारीच मोठी. इंग्रजीतला 'सपोर्ट' तिच्यापर्यंत येईतो वेगळाच झाला होता. तेव्हापासून मी कुठलाही फॉर्म आधी पाचसहा जणींना वाचायला देते आणि प्रत्येक वाक्य तुला काय वाटलं ते तुझ्या भाषेत सांग म्हणते. एक दुपार जाते. नंतरचा महिनाभराचा मनस्ताप वाचतो.

आणखी एक विचारते, राग मानू नकोस. फॉर्म गोळा कुणी केले? तूच ना? वर रोल नंबर होता? मग ज्या ट्यूटरच्या हातात इंटर्नल मार्क आहेत, तिला कोणती पोरगी लिहून देईल की मला मेडिकलवाल्यांसोबत काम करायला आवडत नाही? नाव काढून टाकलं तरी पूर्ण भागत नाही. टीममध्ये डीएमएलटीचे दोघेच असतील तर शाखा लिहिली की नाव लिहिल्यासारखंच. शाखानिहाय सरासरी काढायची असेल तर सगळ्या टीमची मिळून काढ आणि गोळा करायला लायब्ररीतल्या माणसाला बसव.

दृष्टिकोनाला मार्क देऊच नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. मार्क लागले की पोरं मनातलं लिहीत नाहीत, उत्तरपत्रिका लिहितात. तो फॉर्म बोलणं सुरू करायला वापर. खाली एक रिकामी ओळ ठेव: 'या दहा दिवसांत दुसऱ्या कॉलेजच्या कुणाकडून तुला काय कळलं, जे तुला माहीत नव्हतं?' जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली वेगवेगळ्या शाखांच्या अशा एकत्र शिक्षणाची जी व्याख्या केली तिचा गाभा एवढाच आहे, दोन किंवा जास्त शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणं. नुसतं एका मंडपात बसून जेवले तर त्यातलं 'सोबत' तेवढं झालं. 'एकमेकांकडून' काय झालं ते या रिकाम्या ओळीत सापडेल. ज्याची ओळ रिकामी, त्याचे पाचपैकी पाच मी मनावर घेत नाही.

आता तुझी पोरगी.

ते चार मार्क पाहून तुझ्या पोटात कालवलं, माझ्याही कालवलं. पण एक मिनिट थांब. तिला बिचारी ठरवून आणि त्या मुलाला खलनायक ठरवून काम संपत नाही. तुझ्या पत्रात एक दुवा गायब आहे. आजीनं लाल लघवीचं सांगितल्यावर तुझ्या पोरीनं ते त्या मुलाला सांगितलं का?

सांगितलं असेल आणि त्यानं गाळलं, तर ती त्याची चूक. आणि त्याचे नऊ हे फक्त चांगल्या इंग्रजीचे नऊ. नसेल सांगितलं, तर तिलाही शिकायचं आहे. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधानं लघवी लालसर-नारिंगी होते हे ती पुस्तकात वाचून परीक्षेत लिहून आलेली असणार. आजीशी बोलणं तिला उत्तम जमलं. त्या गप्प बसलेल्या म्हातारीकडून ते काढणं मला जमलं नसतं, मला कोलामी येत नाही. पण ते पुढं पोचवणं हे वेगळं कौशल्य आहे. तुझ्या निरीक्षकांनी दोन्ही एकाच 'संवाद' नावाच्या पोत्यात भरलं आणि मग पोतं हातानं तोलून आकडा सांगितला. आधी दोघांना वेगवेगळं बोलावून विचार. रागावू नकोस, फक्त त्या दुपारी कोण कुणाला काय म्हणालं ते क्रमानं सांगायला लाव.

ते करताना हेही बघ की चर्चेत बोलायची वाट होती का. ती मागच्या सतरंजीवर का बसली? नर्सिंगच्या मुली मागं बसतात हे कुणी सांगितलेलं नसतं, तरी त्या बसतात. चर्चा चालवणाऱ्यानं "पोडावर अजून कोण होतं, तुमचं काय?" असं विचारलं होतं का? वर्गातल्या सगळ्यात लाजऱ्या पोरीनं हात वर करून, सरांसमोर, डॉक्टर होणाऱ्या मुलाचं वाक्य खोडावं, आणि नाही खोडलं तर तिचे सहा मार्क कापावेत, हा कुठला न्याय! ज्याच्या हातात माईक, त्याची जबाबदारी जास्त. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्यात, त्यातली एक 'आरोग्य टीमचा नेता आणि सदस्य'. पहिला शब्द सगळ्यांच्या लक्षात राहतो. तेव्हा त्याचा नंबर मोजायचा असेल तर त्यानं सोबतच्या तिघांना विचारलं का, आणि मांडताना 'हे हिला कळलं' असं म्हटलं का, इथं मोजायला हवा.

मार्क रजिस्टरला चढवण्याचं विचारलंस. दुसऱ्या निरीक्षकानं दिलेला आकडा तू परस्पर बदलू नकोस, चार वर्षांनी कुणी रजिस्टर काढलं तर तूच अडकशील. प्राचार्यांना लेखी दे की निरीक्षणपत्रात 'संवाद' म्हणजे काय ते लिहिलेलं नव्हतं, प्रत्येक टीमला एकच निरीक्षक होता, एकाच प्रसंगावरून मार्क दिले गेले, म्हणून यंदाचे हे मार्क कुणाच्याच इंटर्नलला धरू नयेत, सगळ्यांनाच फक्त तोंडी अभिप्राय द्यावा. एकटीसाठी मागशील तर ती वशिलेबाजी वाटेल. सगळ्यांसाठी माग.

पुढच्या वर्षाचं सांगते. इथं जरा रेंगाळते, कारण हे माझ्या अंगावर कोरलेलं आहे.

शिकवायला लागण्याआधी मी एका तालुक्याच्या दवाखान्यात स्टाफ नर्स होते. पावसाळ्यातली रात्र. आठनऊ वर्षांचं पोरगं आणलं, घरात खाली झोपलेलं, काहीतरी चावलं म्हणे, पोट दुखते म्हणे. चावल्याची खूण धड दिसेना, सूज नाही. सापाच्या विषानं रक्त गोठेनासं झालंय का ते बघायला रक्त काढून काचेच्या नळीत ठेवलं, वीस मिनिटांनी पाहिलं, छान गोठलेलं. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. झाडू मारणाऱ्या मावशी दारातून म्हणाल्या, "सिस्टर, पोराचे डोये मिटून ऱ्हायले ना जी." मी म्हणाले, मावशी, रात्रीचे दोन वाजले, झोप आली असेल. त्या गेल्या. अर्ध्या तासानं पोराला मान धरता येईना. मण्यार होती. पुढच्या दवाखान्यापर्यंत अँब्युलन्समध्ये मी ॲम्बू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत गेले. पोरगं वाचलं. माझ्या हुशारीनं नाही वाचलं. पापण्या पडणं हे मण्यारीच्या आणि नागाच्या विषाचं पहिल्यापैकी लक्षण, आणि ते दवाखान्यात सगळ्यात आधी झाडूवालीला दिसलं होतं. निरोप माझ्यापर्यंत आला आणि माझ्यापाशी अडला.

त्यातून पुढं मी शिकवताना एक प्रसंग बसवला. तोच तू घे. चौघांची टीम, एकेक शाखेचा एकेक. खाटेवर एक पुतळा नाहीतर कुणाचातरी धाकटा भाऊ. तो झोपेत काहीतरी चावलेला मुलगा. नाटक पंचवीस मिनिटांचं, कारण नळीला वीस मिनिटं लागतातच. यात गंमत अशी की कुणा एकालाच सगळी माहिती द्यायची नाही. वाटून द्यायची.

डीएमएलटीच्या मुलासमोर दोन नळ्या ठेवायच्या, एक प्लास्टिकची, एक कोरडी स्वच्छ काचेची. ही तपासणी काचेतच करायची असते. रक्त गोठायची क्रिया काचेच्या स्पर्शानं सुरू होते. प्लास्टिकमध्ये, किंवा साबणानं धुतलेल्या नळीत, रक्त पातळ राहिलं तर निष्कर्ष चुकू शकतो. सुमारे दोन मिलिलिटर रक्त, वीस मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरकी करून बघायची. कुणीतरी घाईत "दे रे कोणतीही" म्हणणारच. तो पोरगा "सर, काचेची पाहिजे" म्हणतो का, आणि नळी ठेवल्याची वेळ मोठ्यानं सांगतो का?

फार्मसीच्या मुलीला फक्त एवढं माहीत की लहान मुलाला सर्पविषरोधक लस मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं. आपल्याकडे सुरुवातीला दहा व्हायलपर्यंत (औषधाच्या छोट्या बाटल्या) देतात. डॉक्टरचं काम करणारा मुलगा सवयीनं वजनावर डोस अर्धा करतो का, आणि केला तर ती बोलते का?

आणि नर्सिंगच्या मुलीला मुलाची आई, म्हणजे तू किंवा गावातली आशाताई, एकदाच हळूच सांगते, "याचे डोये उघडत नाहीत बरोबर." तेवढंच, पुन्हा नाही.

वीस मिनिटांनी रक्त गोठलेलं निघतं. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त पातळ करतं, म्हणून रक्त गोठलं की पोरं खूश होतात. आता बघायचं. पापण्यांचा निरोप डॉक्टरपर्यंत पोचला का? पोचवला तर कसा, नुसतं "सर, आई काहीतरी म्हणते" की "मुलाच्या पापण्या पडताहेत, दहा मिनिटांपूर्वी नव्हत्या, मला विषाची शंका येते, तुम्ही आत्ता बघा"? आणि ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवलं का? किराणावाला यादी ऐकून उलट वाचून दाखवतो ना, दोन किलो साखर, अर्धा किलो तूरडाळ, बरोबर? तेवढंच. अमेरिकेत २००६ साली टीमस्टेप्स नावाचा जो अभ्यासक्रम निघाला, त्यात हे परत म्हणणं आहे, आणि दुसरा एक नियमही आहे. तुमचं ऐकलं गेलं नाही तर किमान दोनदा बोला, दुसऱ्यांदा अधिक ठामपणे. त्या रात्री मावशी एकदाच बोलल्या. दुसऱ्यांदा बोलायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि खरं सांगू, माझ्या तोंडाकडे बघून त्यांची छातीही झाली नसेल.

आता निरीक्षणपत्र कसं होईल बघ. 'संवाद: दहापैकी' हे काढून टाक. त्याऐवजी घडलं ते लिहायला जागा कर. नळीची वेळ कुणी सांगितली, कुणी लिहिली. पापण्यांचं कोण कुणाला किती मिनिटांनी बोललं. डोसबद्दल कुणी अडवलं, अडवल्यावर समोरचा काय म्हणाला. मग त्या घडलेल्यावरून पायरी ठरव. माहिती मनातच राहिली ही एक पायरी. सांगितली पण मोघम, ही दुसरी. नेमकी सांगून काय हवं ते मागितलं, ही तिसरी. नाही ऐकलं तेव्हा पुन्हा बोलला, ही चौथी. ऐकणाऱ्याच्याही अशाच पायऱ्या कर, ऐकून सोडून दिलं, ऐकून कारण विचारलं, वगैरे. टीमला म्हणून एक वेगळा मार्क दे, निरोप वेळेत पोचला की नाही याचा. सगळेच मार्क टीमला दिले तर दोघे राबतील आणि दोघे फोन बघतील. सगळे एकेकट्याला दिले तर पोरं टीममध्ये राहून एकमेकांवर कुरघोडी करतील.

निरीक्षक दोन, वेगवेगळ्या शाखांचे. मेडिकलचे सर नर्सिंगच्या मुलीकडे ती चुकल्यावरच बघतात, आणि आपण, खरं बोलू या, आपल्या मुलींवर जरा जास्तच माया करतो. दोघांनी आधी गुपचूप लिहायचं, मग बोलायचं. उलट केलंत तर ज्याचं पद मोठं त्याचा आकडा दोन्ही कागदांवर उतरतो. आणि एका नाटकावरून कुणाचा न्याय करू नका. वर्षभरात चारपाच छोटे प्रसंग, वेगवेगळे निरीक्षक. मग कुठं तो आकडा भरवशाचा वाटायला लागतो. मुलांनी एकमेकांना द्यायचा अभिप्राय ठेव, पण मार्काविना. हॉस्टेलची भांडणं आणि गावकी-जातकी सगळी त्या कागदावर उतरते, हे मी दोनदा पाहिलंय.

निरीक्षकांत आशाताईला घे, हा माझा हट्ट समज. ती कागदावर काही लिहिणार नाही. तिला एकच विचार, "पुढच्या वेळी यांच्यातलं कोण पाठवू पोडावर?" तिचं उत्तर आणि तुमच्या रजिस्टरातले आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघ.

एक कडू गोष्टही बोलते. मेडिकल असो की नर्सिंग, आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांचं विद्यापीठ एकच, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. आवार एक, विद्यापीठ एक, आणि पहिल्यांदा एकत्र येतात ती शिबिराच्या गाडीत, तीही पुढच्या आणि मागच्या सीटवर वाटून. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात १९६९ पासून पोरं गावात जाऊन शिकताहेत. २०२२ पासून तर देशभरच्या एमबीबीएसच्या मुलांना गावातली कुटुंबं दत्तक घ्यायला लावलंय. त्या कुटुंबाकडे जाताना एक नर्सिंगची मुलगी सोबत न्यायला कुठला नियम आड येतो? तुमच्या शिबिरात शिक्षक कसे जेवले, ते आठव. मेडिकलच्या सरांचं टेबल वेगळं होतं का? पोरं फॉर्ममध्ये काय लिहायचं ते त्या टेबलाकडे बघून ठरवतात. प्राचार्यांना हे सांगायची तुझी हिंमत नसेल तर सांगू नकोस, पुढच्या वर्षी नुसती पंगत एक कर.

प्राचार्यांच्या अहवालासाठी मजकूर देते, हवा तर जसाच्या तसा उतरव: 'विद्यार्थ्यांची एकत्र शिकण्याची तयारी सुरुवातीपासूनच जास्त होती. शिबिराअखेर स्वतःबद्दलचा अंदाज किंचित खाली आला. प्रत्यक्ष कामातल्या अडचणी कळल्यानं असं होऊ शकतं. वापरलेली प्रश्नावली तयारी मोजते, कौशल्य मोजत नाही, म्हणून पुढील वर्षी प्रत्यक्ष प्रसंगातील निरीक्षण समाविष्ट केले जाईल.' तपासणीला येणारी मंडळी रोज चढते आकडे बघून कंटाळलेली असतात. त्यातल्या कुणी अधिक विचारलंच तर त्यांना पायऱ्या सांग: शिबिर आवडलं का, मन बदललं का, येतं का, तसं वागतात का, संस्थेची रीत बदलली का, आणि रुग्णाला फायदा झाला का. तुम्ही यंदा दुसऱ्या पायरीवर होता, पुढच्या वर्षी तिसऱ्या-चौथीवर पाय टाकताय.

शेवटच्या पायरीवरून आठवलं. तुझ्या पत्रात मार्क आहेत, फॉर्म आहे, प्राचार्य आहेत. आजीचं पुढं काय झालं ते नाही. तिच्या गोळ्या परत सुरू झाल्या का? लघवी कशानं लाल होते, ते रक्त नाही, गोळी अंगात लागल्याची ती खूण आहे, हे तिला तिच्या भाषेत कुणी सांगितलं का? गोळ्या किती दिवस सुटल्या तेही टीबीच्या सुपरवायझरला कळायला हवं, पुढं तेच चालू ठेवायचं की काही तपासून ठरवायचं ते डॉक्टर बघतील. हे पत्र छापून येईपर्यंत थांबू नये म्हणून मी तुला आधी फोनवर कळवतेच आहे. आशाताईला लाव आजच. आणि जाशील तेव्हा त्या पोरीला ने, त्या मुलालाही ने. बोलायचं तिनं, लिहून घ्यायचं त्यानं. सकाळी आठच्या आत पोचा. कापूस वेचणी सुरू आहे, नंतर पोडावर कुणी सापडत नाही.

तुझी,
ताई